सकाळी सात दहाची फुलं

कुंदाताई,

जिन्याखालच्या तुमच्या खोलीत बसून लिहितोय. पंखा दोनवर ठेवलाय, तीनवर खडखडतो हे तुम्हीच सांगितलेलं. टेबलावर सहा टॅब ओळीने मांडलेत आणि खुर्चीच्या पायाशी माझी मोठी पिशवी पडलीये. कंपनीने टॅब परत मागवलेत, ते न्यायला मी सकाळी अकराला खाली उतरलो होतो. दहा मिनिटांचं काम. आता संध्याकाळचे साडेपाच होत आलेत आणि पिशवी अजून रिकामीच आहे. का, ते तुम्हाला सांगायचंय. पण त्यासाठी बरंच मागे जावं लागेल, आणि मी फार दमलोय. मध्येच भरकटलो तर सांभाळून घ्या.

तुम्ही आमच्यातून गेलात त्याला आज सोळा दिवस झाले. निघालात लेकीकडे पुण्याला, आठ दिवसांसाठी म्हणून. पाचव्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीचा मेसेज आला की कुंदाताई झोपेतच गेल्या. त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यात मीही हात जोडले. ते पाठवून झाल्यावर मी ऑफिसच्या मीटिंगला बसलो आणि पाऊण तास कुठल्याशा बटणाच्या रंगावर बोललो. रडू दुसऱ्या दिवशी आलं, तेही भाजी निवडताना. आपलं बोलणं बंद होतं ना. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या जाण्यावर मोकळं रडायलासुद्धा चोरट्यासारखं वाटतं.

आपली ओळख तशी जिन्यातलीच. तुम्ही पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात व्यायामाच्या विभागात तुम्ही तीस वर्षं मदतनीस होतात. डॉक्टर सांगून जायचे आणि पेशंटचा हात धरून ते करून घ्यायचात तुम्ही. नवघरला राहायला आलात तेव्हा खरं तर आराम करायचा होता. पण आजूबाजूला झटका येऊन हात लुळा पडलेली माणसं तुम्हाला दिसायला लागली आणि तुम्हाला बसवेना. सेक्रेटरीच्या मागे लागून ही खोली मिळवलीत. मोडक्या सायकली बाहेर काढल्या, टेबल मागून आणलं. रोज दुपारी तीन ते पाच सहा जण यायचे. कपडे वाळत घालायचे चिमटे, ओले वाटाणे, कणकेचे गोळे, एवढ्यावर तुमचा कारभार चालायचा.

मी चार जणांच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर करतो. झटका आलेल्या लोकांच्या हाताला व्यायाम देणारा खेळ बनवायचा, हे आमचं मोठं काम होतं. मला खरीखुरी माणसं हवी होती आणि ती माझ्याच जिन्याखाली बसत होती. सहा टॅब घेऊन मी तुमच्या दारात उभा राहिलो तेव्हा तुम्ही हात पुसत पुसत विचारलंत, "यात वाटाणे कुठे ठेवायचे?" मी हसलो. तुम्ही हसला नव्हतात, हे मला नंतर आठवलं.

खेळ सोपा होता. पडद्यावर गोल येतात, दुखऱ्या हाताने ते टिपायचे. चांगलं जमलं की गोल लहान होतात, पटापट येतात. चुकलं की मोठे होतात, सावकाश येतात. माणसाला झेपेल तेवढंच द्यायचं, ना कमी ना जास्त, ही त्यातली सगळी कारागिरी. आणि रोजचा धडा झाला की माळेत अबोलीचं एक फूल ओवलं जायचं. एक दिवस चुकला की सकाळी आठ वाजता दोरा तुटायचा आणि सगळी फुलं खाली पडायची. आठची वेळ मी मुद्दाम ठेवली होती. रात्री बाराला तोडणं मला फार निर्दयपणाचं वाटलं होतं, बघा. आणि ती फुलं पडताना जराशी उसळायची. त्या उसळण्यावर मी तीन दिवस घालवले होते.

पहिल्या दिवशी दाखवायला म्हणून मी तुमच्या नावाने एक खातं उघडलं. तुम्ही एक धडा केलात, एक फूल मिळालं. दुसऱ्या दिवशी कामात राहून गेलं. तिसऱ्या दिवशी बघितलंत तर फूल खाली.

"हे पडलं का?"

"एक दिवस चुकला ना ताई."

"मग आजचं देऊ नको. परवाचं कशाला पाडतोस? ते मी ओवलं होतं ना?"

मी तुम्हाला समजावून सांगितलं. हातचं जाईल अशी थोडी भीती असली की माणूस परत येतो. टोचणी लागते. सगळे मोठे खेळ याच्यावरच चालतात. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "यांना आधीच झटका आलाय रे मिलिंद. अजून किती घाबरवणारेस?"

मी तो प्रश्न वहीत लिहूनसुद्धा घेतला. वहीतच राहिला तो.

त्यानंतरचे काही महिने मात्र चांगले गेले. आज सांगायला हरकत नाही, नोकरीत मी एवढं कधी शिकलो नाही. टाळ्यांचं आठवतंय? धडा पूर्ण झाला की टॅब टाळ्या वाजवायचा. बँकेतून निवृत्त झालेले सावंत पहिल्याच दिवशी लालबुंद झाले. "बोट उचललं म्हणून टाळ्या? मी काय बालवाडीत आहे?" मी घरी जाऊन टाळ्या काढून टाकल्या. दुसऱ्या दिवशी हंसाबेन रुसून बसल्या. "मेरी ताली किसने बंद की? घर में तो कोई बजाता नहीं, एक ये बजाता था." म्हणजे तीच टाळी एकाला अपमान आणि दुसऱ्याला दिवसभराचं सुख. मी दोन आठवडे डोकं खाजवलं. माणसाचा स्वभाव ओळखून शाबासकी बदलणारी एक मोठी यंत्रणा कागदावर काढली, बाण, चौकोन, सगळं. ती तुम्हाला दाखवायला खाली आलो तर तुम्ही सावंतांच्या टॅबचं बाजूचं बटण दाबून आवाज शून्यावर आणलेला होता. "झालं की," म्हणालात. कागद मी गुपचूप घडी करून खिशात घातला.

आणि चार वाजल्यानंतरची ती गंमत. हंसाबेनचा हात रोज चारनंतर बिघडतो असं माझे आकडे सांगत होते. सॉफ्टवेअर समजायचं की बाई दमल्या, म्हणून गोल मोठे करायचं. दुसऱ्या दिवशी बाई वैतागायच्या की इतकं सोपं का दिलं. हात दमण्यावर मी इंटरनेटवर रात्रंदिवस वाचत होतो. तुम्ही फाटकाच्या बाजूच्या जाळीला एक जुनी साडी बांधलीत. चार वाजता ऊन थेट पडद्यावर येत होतं आणि हंसाबेनना गोल दिसतच नव्हते. सॉफ्टवेअरला फक्त चुकलेलं बोट कळतं, ते का चुकलं हे त्याला कुठून कळणार. मला तरी कुठे कळलं होतं. ती साडी अजून तिथेच आहे. मघाशी तिच्याकडेच बघत बसलो होतो.

मग आकडे सुधारले. सहाही जणांचे. माळा तुटायच्या थांबल्या. तीन महिने सहाच्या सहा माळा अखंड. टोचणी लागू पडली, मी मनात म्हणालो. एका हॉस्पिटलने आमचा खेळ घ्यायची तयारी दाखवली होती, त्यांच्या डॉक्टरांपुढे हे आकडे ठेवायचे होते. साहेब खूश, मी खूश. वर्षभराच्या कामाचं चीज होणार होतं.

सादरीकरण तयार करताना माझी नजर हंसाबेनच्या एका बुधवारावर गेली. त्या मंगळवारी सकाळीच त्या लेकाकडे सुरतेला गेल्या होत्या, त्यांची बॅग मीच रिक्षात ठेवली होती. आणि नोंद सांगत होती की बुधवारी सकाळी सात दहाला हंसाबेननी धडा पूर्ण केला. बाई सुरतेला, टॅब तुमच्या कपाटात आणि अंगठा नवघरमध्ये. मग मी सगळ्यांच्या नोंदी काढल्या. कुणी दुपारी आलं नसेल त्याचा धडा दुसऱ्या दिवशी सकाळी सात दहा ते पावणेआठच्या मध्ये झालेला. आठला माळ तुटायच्या आत. सहाही जणांच्या बाबतीत.

दुसऱ्या दिवशी मी सात वाजता खाली आलो आणि जाळीतून आत बघितलं. ते दृश्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही टेबलाशी बसला होतात. उजवा हात मांडीखाली दाबून धरलेला. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट, एवढीच दोन बोटं घेऊन तुम्ही गोल टिपत होतात. मध्येच मुद्दाम चुकत होतात आणि पुटपुटत होतात. "हंसाबेनचा अंगठा एवढा नाही वळायचा. हां, आता इथे चुकेल ती." मग टॅब बदलला. "सावंत घाई करणार आणि दोन सोडणार." दोन सोडलेत. प्रत्येकाच्या चुका तुम्हाला पाठ होत्या. दुसऱ्या दिवशी तो माणूस येईल तेव्हा धडा त्याला फार जड जाऊ नये, म्हणून त्याच्या चुका तुम्ही त्याच्यासारख्याच करत होतात. तीन महिने माझं सॉफ्टवेअर ज्या सहा माणसांना ओळखत होतं, त्यांच्यात जागोजागी एकट्या तुम्हीच मिसळलेल्या होतात.

मला त्या वेळी हे काही सुचलं नाही. मला फक्त वर्ष वाया गेलेलं दिसलं. दार ढकलून मी आत आलो आणि आपलं ते भांडण झालं.

मी म्हणालो ही फसवणूक आहे, डॉक्टर हे आकडे बघून पुढचे उपचार ठरवतील. तुम्ही म्हणालात, "आकडे तुला लागतात रे. माझी माणसं यायला हवीत, बस." मी म्हणालो, मला सांगायचं होतंत. तुम्ही म्हणालात, "तीन वेळा सांगितलं. माळ तुटली तेव्हा तो मिठागरावरचा हरीभाऊ चार दिवस घराबाहेर पडला नव्हता. म्हणाला, जमीन गेली, हात गेला, आता फुलं पण गेली. तू म्हणालास, टोचणी हवी."

खरं होतं, तसं मी म्हणालो होतो. पण माझंही एक म्हणणं होतं ताई, आणि ते मी अजून सोडलेलं नाही. हंसाबेन सुरतेहून परत आल्या तेव्हा त्यांचा अंगठा आखडला होता. आठ दिवस हात हललाच नव्हता. सॉफ्टवेअरला वाटलं बाई रोज येतायत, त्याने नेहमीचाच वेग दिला आणि त्या पहिल्याच धड्याला रडल्या. तुम्ही त्यांच्या आठ दिवसांपूर्वीच्या चुका केल्या होत्यात. आठ दिवसांनी त्या कशा असतील ते तुम्हालाही कळणं शक्य नव्हतं. हे मी तुम्हाला त्या सकाळी सांगितलं तेव्हा तुमचा हात टॅबवर तसाच थांबला. तिथेच थांबलो असतो तर आपण दोघांनी मिळून काहीतरी काढलंही असतं.

मी थांबलो नाही. मी म्हणालो, "तुम्हाला एकटीला घर खायला उठतं, म्हणून ही माणसं तुम्हाला रोज इथे हवी आहेत. त्यांच्या हाताचं निमित्त."

तुम्ही "बरं" म्हणालात. एक एक टॅब पुसून कपाटात ठेवलात, चावी वॉचमनच्या खिळ्याला लावलीत आणि जिना चढून गेलात. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा थांबलात. तुम्हाला दम लागत होता आणि मला वाटलं तुम्ही मला ऐकवायला थांबताय.

दोन दिवसांनी तुम्ही वॉचमनबरोबर वड्यांचा डबा पाठवलात. नारळाच्या, केशर घातलेल्या. वड्या मी खाल्ल्या. डबा घासला आणि तसाच रिकामा परत पाठवला. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, निदान चार दाणे साखरेचे तरी टाकावेत, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी विसरलो नव्हतो. डब्यावर कोरलेलं तुमचं नाव बघत बघत मी तो रिकामा पाठवला.

तुम्ही पुण्याला निघालात त्या सकाळी फाटकात भेटलात. हातात निळी बॅग. "येते रे," म्हणालात. मी फोनवरून डोकं वर न काढता "हं" म्हणालो. फोनवर काही विशेष नव्हतं.

सादरीकरण झालं नाही. आकडे खोटे आहेत एवढंच मी साहेबांना सांगितलं, कसे ते सांगितलं नाही. हॉस्पिटलने काम पुढे ढकललं. तुमची बातमी आल्यावर साहेब म्हणाले, आता तिथे कुणी बघायला नाही तर टॅब घेऊन ये. तरी मी दोन आठवडे टाळलं. लॅपटॉपवर या खोलीचं पानसुद्धा उघडलं नाही. सहा तुटलेल्या माळा मला बघायच्या नव्हत्या. दोरा तुटल्यावर फुलं कशी उसळतात ते मला चांगलं माहीत आहे.

आज सकाळी कपाट उघडलं, पहिला टॅब चालू केला. हंसाबेनची माळ अखंड. दुसरा, सावंत, अखंड. सहाच्या सहा. मी खुर्चीवर बसलो ताई. नोंदी उघडल्या. आज सकाळी सात दहा. काल सात दहा. तुम्ही पुण्याला गेलात त्या दिवसापासून एकही सकाळ चुकलेली नाही, तुम्ही गेल्याची बातमी आली ती सकाळसुद्धा. एक क्षणभर मला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

आलेख उघडल्यावर वेगळंच दिसलं. तुम्ही निघालात त्याच दिवशी एक सोडून बाकी पाच जणांचे हात एकदम बिघडले होते. सगळे त्या सहाव्यासारखेच झालेले. सगळे गोल डाव्या कडेला चुकलेले, सगळ्यांना तोच थरथराट. मग दर दिवशी थोडे थोडे सुधारत, सहाही रेषा बरोबरीने वर चढत गेलेल्या.

तेवढ्यात दारात काठीचा आवाज आला. हरीभाऊ. जुन्या गावातल्या त्या कौलारू घराच्या पडवीतून आपलं फाटक दिसतं ना, तिथून त्यांना खोली उघडी दिसली असणार. आधी त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"न्यायला आयलास काय?"

मी विचारलं, "हरीभाऊ, सकाळी इथे कोण येतं?"

"मी येतंय. दुसरा कोन येनार?" ते काठी टेकवून खाली बसले. "ताई पुन्याला जाताना बोलली व्हती, हरीभाऊ, मी येईपर्यंत सकाळचा तुमी बघा. कुनाची माळ तुटाला नको. त मी न्हाय तुटू दिली."

"सहाही जणांचं? रोज?"

"दुपारी कोनच येत न्हाय आता. ताई न्हाय त येऊन काय करतील? मंग सगल्यांचा मीच करतंय."

"ताईंचं तुम्हाला कळलं होतं ना?"

"कळला व्हता." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "ती बोलली व्हती, मी येईपर्यंत. आता ती काय यायची न्हाय. मंग बंद कधी कराचा, त्या मना कोनी सांगलाच न्हाय."

मी विचारलं, कुठल्या हाताने करता. त्यांनी उजवा हात वर केला. तोच उजवा. वर्षभरापूर्वी चहाची बशी ज्याच्यात ठरत नव्हती, मिठागरावर आयुष्य काढलेला आणि नंतर मांडीवर मेल्यासारखा पडून असलेला तो हात. त्यांनी माझ्यासमोर हंसाबेनच्या टॅबवरचे पाच गोल टिपले. हळू, पण पाचही. तुमच्यासारख्या दुसऱ्यांच्या चुका करणं त्यांना जमत नाही. त्यांच्या स्वतःच्याच चुका सहा ठिकाणी पडत गेल्या आणि सहा ठिकाणी कमी होत गेल्या. दिवसाला एकाऐवजी सहा धडे. कुठल्या डॉक्टरने सांगितले असते, आणि हरीभाऊंनी स्वतःसाठी केले असते का? स्वतःची माळ तुटली तेव्हा ते चार दिवस घरात बसले होते.

मग मी लॅपटॉप पुढे ओढला. हरीभाऊंनी वॉचमनला सांगून चहा मागवला आणि समोर बसून राहिले, टॅबवर पहारा असल्यासारखे. दोरा तोडायची आज्ञा मी काढून टाकली. एक ओळ होती ताई. आपण वर्षभर भांडलो ती एक ओळ. खोडायला एक क्षणही लागला नाही.

दुसऱ्या कामाला वेळ लागला. यापुढे कुणाचा धडा दुसऱ्याने केला तर तसं सांगायची सोय केली. ते फूलही माळेत येईल, पण अबोलीचं नाही, पांढरं, मोगऱ्याचं. डॉक्टरांच्या आकड्यांत ते धरलं जाणार नाही आणि त्यावरून कुणाचा वेग बदलणार नाही. सुरतेहून परत आलेल्या बाईला सॉफ्टवेअर आधी सावकाश चालायला लावेल. तुमचंही राहिलं, माझंही राहिलं. त्या सकाळी तुम्ही थांबला होतात, तसं मीही तोंड आवरलं असतं, तर हे तेव्हाच सुचलं असतं. इतकं सोपं होतं. हेच फार लागतंय.

मग मागच्या नोंदींनाही तोच नियम लावला. सकाळी सात ते आठमधलं प्रत्येक फूल पांढरं, हरीभाऊंनी स्वतःच्या माळेत ओवलेली सोडून. टॅब परत चालू केले आणि सहा माळा उलगडल्या. अबोली, अबोली, मोगरा, अबोली, मोगरा, मोगरा. आम्ही दोघं बघत राहिलो. शेवटची एकवीस सगळी हरीभाऊंची. त्याआधीची पांढरी सगळी तुमची. मोजली नाहीत मी. हंसाबेनच्या माळेत सुरतेचे आठ दिवस सलग पांढरे आहेत.

साहेबांना फोन करून खरं काय ते सांगितलं, या वेळी सगळं. ते म्हणाले, सोमवारपर्यंत ठेव, बघू. सोमवारी काय होईल माहीत नाही. पण हंसाबेनना मी फोन केलाय, सावंतांनाही. उद्या दुपारी तीनला येतायत. कणीक कोण मळणार, असं हंसाबेननी विचारलं, तर मी मळतो म्हणालो. मला मळता येत नाही.

आवरताना यादीच्या तळाशी सातवं नाव दिसलं. पहिल्या दिवशी उघडलेलं तुमचं खातं. तोडायची आज्ञा गेल्यामुळे तुमचं पडलेलं फूल आपोआप परत दोऱ्यावर आलं होतं. एकटंच.

"ताईची यवढीच?" हरीभाऊंनी विचारलं.

"स्वतःची त्यांनी केलीच नाही."

"मंग तू कर की."

मी तुमचा धडा उघडला. माणूस येत नाही म्हणजे त्याला जड जातंय, असं मी सॉफ्टवेअरला शिकवून ठेवलंय. म्हणून गेलं वर्षभर ते तुमच्यासाठी सोपं सोपं करत गेलं होतं. दर आठवड्याला गोल थोडा मोठा, थोडा सावकाश. आता एकच गोल उरला होता, सगळ्या पडद्यावर पसरलेला, आणि तो हलतही नव्हता. तुम्हाला काही जड जात नव्हतं, तुम्ही बाकीच्या सहा जणांत गुंतला होतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

उजवा हात मी मांडीखाली घेतला आणि डावी करंगळी पुढे केली. आणि अडलो. तुम्ही कुठे चुकला असतात? घाई केली असतीत, की थांबला असतात? तुमचं कुठलं बोट दुखायचं? जिना चढताना दम लागायचा, तेही मला आज लिहिताना कळतंय. सहा जणांच्या चुका तुम्हाला पाठ होत्या. तुमची एकही मला पाठ नाही. वर्षभर समोर बसलात आणि मी तुमच्या हातांकडे कधी बघितलंच नाही.

करंगळी टेकवली. एवढ्या मोठ्या गोलावर चुकायला जागाच नव्हती. तुमच्या अबोलीशेजारी एक पांढरं फूल आलं.

मी जे बोललो ते वाईट होतं, ताई. आणि खोटं होतं. डबा रिकामा पाठवला तो मुद्दाम पाठवला. आता हे ऐकायला तुम्ही नाही आहात, म्हणून लिहून ठेवतोय.

माळ आता तुटत नाही. एक दिवस चुकला तरी कुणाचं काही पडणार नाही. तरी उद्या सकाळी सात दहाला मी खाली येणार आहे.

तुमचा,
मिलिंद